चिमट्याखाली काही नव्हतं

मी पुठ्ठा बोलतोय. चिमट्याचा पुठ्ठा, परीक्षेला पोरं घेऊन जातात तसला, फक्त आकाराने थोडा मोठा. आणि आधीच सांगून ठेवतो, मला बोलायची हौस नाही. चौदा वर्षं माझ्या पाठीवर लिहिलं गेलं, तेव्हा कोणी विचारलं नाही, की बाबा रे, तुला काही म्हणायचंय का. आता कपाटावर धूळ खात पडलोय तर म्हणे सांगा तुमची हकिकत. सांगतो. पण मधे मधे तोंड घालू नका. माझं शिक्षण बेताचं आहे, गोष्ट सरळ रेषेत सांगायची तर लक्ष लागतं.

माझा जन्म भुशातला. सुतारकामाच्या कारखान्यात जमिनीवर पडलेला भुसा झाडून गोळा केला, चिकटीत कालवला आणि दोन तापलेल्या लोखंडी पत्र्यांमध्ये असा दाबला की जीव घशाशी आला. मग कापला, कडा घासल्या आणि डोक्यावर चिमटा ठोकला. तेव्हापासून माझं तोंड डोक्यावर आहे आणि दुसऱ्याने दाबल्याशिवाय ते उघडत नाही. तुम्हाला यात गंमत वाटत असेल. मला कधी वाटली नाही.

मला वाचता येत नाही. जन्म कागदाखाली गेला आणि अक्षरओळख नाही, हे ऐकून लोक हसतात. अहो, कागद पाठीवर असतो, डोळ्यांसमोर नाही. मला कळतो तो दाब. बरोबरची खूण एका झटक्यात वर जाते, फुली दोनदा टोचते, आणि सही करताना माणूस उगाच जोर लावतो. एवढंच माझं शिक्षण.

मला विकत घेतलं ते वर्गांची तपासणी करणाऱ्या निरीक्षकांनी. सगळे त्यांना साहेब म्हणायचे, मीही म्हणतो. दुकानात चिमटा घट्ट आहे का बघायला त्यांनी स्वतःचंच बोट आत घातलं आणि कळवळले. दुकानदार म्हणाला, "साहेब, आता खात्री पटली ना?" साहेब म्हणाले, "बांधून दे." तिथून चौदा वर्षं मी त्यांच्या काखेत.

माणूस वाईट नव्हता. वेळेवर उठणारा, वेळेवर जेवणारा, कुणाच्या अध्यात ना मध्यात. घरी जेवणाच्या टेबलावरही मला शेजारी ठेवायचे. बायको म्हणायची, "जेवताना तरी तो पुठ्ठा खाली ठेवा. मलाही खुणा करताय की काय?"

"तुला करायला घेतल्या तर एक पान पुरायचं नाही."

"मग करा आणि सही पण करा खाली. पुढच्या वर्षी बंद करा मला."

साहेब हसायचे, पण मला खाली काही ठेवायचे नाहीत.

आता खुणांचं सांगतो. साहेबांच्या तक्त्यावर तीन रकाने असायचे. पहिला, शिक्षक बोलतात. दुसरा, विद्यार्थी बोलतात. तिसरा, काही चालू नाही. तास चाळीस मिनिटांचा. दर दोन मिनिटांनी साहेब मान वर करणार, वर्गाकडे बघणार, एका रकान्यात एक खूण करणार. वीस खुणा झाल्या की तास संपला. निम्म्याहून जास्त खुणा तिसऱ्या रकान्यात पडल्या तर वर्ग बंद. तळाला बारीक अक्षरात एक ओळ होती. साहेब ती इतक्यांदा म्हणून दाखवायचे की मलाही पाठ झाली: निरीक्षकाने वर्गात ढवळाढवळ करू नये.

मला काखेत मारून साहेब दारात उभे राहिले की माणसं कशी बदलतात ते बघण्यासारखं असायचं. बसलेल्या बाई उभ्या राहायच्या. पुसलेला फळा परत पुसला जायचा. हुशार पोराला चारदा प्रश्न, ढ पोराला एकदाही नाही. एका मास्तरांनी तर घाबरून हजेरी दोनदा घेतली, आणि पोरांनीही दोनदा दिली.

त्या बुधवारी आम्ही गेलो तो मोठ्या माणसांचा वर्ग होता. इंग्रजीचा अगदी वरचा वर्ग, आणि त्यातही वाचनाचा. दुपारी तीन ते तीन-चाळीस. खोली लहान मुलांच्या शाळेची, त्यामुळे खुर्च्या एवढ्याशा. मोठी माणसं गुडघे छातीशी घेऊन बसलेली. भिंतीवर प्राण्यांची चित्रं, वर एक पंखा, कोपऱ्यात लोखंडी कपाट. हेच ते कपाट, ज्यावर मी आत्ता आहे.

या सगळ्यांना इंग्रजी फाडफाड बोलता यायचं. अडायचं ते लांब कागदावर. पाच-पाच ओळींचं एक वाक्य आलं की तिसऱ्या ओळीत पहिली विसरायची. म्हणून बाईंनी वेगळीच रीत पाडली होती. पुस्तक नाही. प्रत्येकाने आपला कागद आणायचा, जो त्याला खरंच वाचायचाय तो. पहिली पंचवीस मिनिटं कोणी बोलायचं नाही, बाईंनीही नाही. अडलं तर पेन्सिलीने गोल करायचा आणि पुढे जायचं. शेवटच्या पंधरा मिनिटांत त्या गोलांबद्दल विचारायचं.

साहेब मागच्या खुर्चीत बसले, मी त्यांच्या मांडीवर. तास सुरू व्हायला दोन मिनिटं होती. पुढे एक बसड्रायव्हर बसला होता, त्याच्या हातात कुठलीशी नोटीस. त्याच्या शेजारी वृद्धाश्रमातली नर्स, तिला सगळे सिस्टर म्हणायचे. आणि आमच्या अगदी पुढ्यात लाँड्रीत काम करणारी मावशी. हातांची कातडी साबणाने सुरकुतलेली, मांडीवर अकरा पानांचा गठ्ठा.

ड्रायव्हर मागे वळून म्हणाला, "काय मावशी, कादंबरी संपली का?"

"दोन पानं राहिलीत. आज संपवते."

"शेवट गोड आहे का?"

"शेवट कळला असता तर इथं कशाला आले असते रे, बाळा?"

सिस्टर म्हणाली, "मावशी, शुक्रवारी सही करायचीय ना? मग बाईंकडून वाचून घ्या की सरळ."

"नाही ग. माझ्याशिवाय बत्तीस बायका आहेत लाँड्रीत. सगळ्यांना नवा करार दिलाय. सगळ्या म्हणतात, मावशी, तुला इंग्रजी येतं, तू वाच, तू सही केलीस की आम्ही करतो. उद्या विचारतील, तू स्वतः वाचलंस का? मला हो म्हणायचंय."

"मग येत नाही म्हणून सांगायचं होतं."

"येतं की. मुकादमाला त्याच्या तोंडावर इंग्रजीत ऐकवते मी. वाचायलाच तेवढं येत नाही. एकोणीस वर्षं रुबाब केल्यावर हे कुठल्या तोंडाने सांगू?"

बाई आल्या. साहेबांना बघून त्यांच्या हातातला खडू खाली पडला, पण त्यांनी तो उचलला नाही. "वाचायला घ्या," एवढंच म्हणाल्या. आणि वर्ग गप्प झाला.

मी शेकडो वर्ग बघितलेत, पण असा गप्पपणा ऐकला नव्हता. पानं उलटत होती, पेन्सिली गोल काढत होत्या, मावशीचे ओठ नुसते हलत होते. एवढी मेहनत मी त्या भुशाच्या कारखान्यातही बघितली नव्हती.

दोन मिनिटं झाली. साहेबांनी मान वर केली, इकडे बघितलं, तिकडे बघितलं. कोण बोलतंय? कोणी नाही. खूण तिसऱ्या रकान्यात. काही चालू नाही.

चार मिनिटं. तिसरा रकाना. सहा मिनिटं. तिसरा रकाना. वाचतात, असा रकानाच नव्हता हो त्या तक्त्यावर. ज्याने तो छापला त्याला सुचला नव्हता, आणि साहेबांना नसलेल्या रकान्यात खूण करायची सवय नव्हती. ती एकेक खूण माझ्या पाठीत खिळा ठोकल्यासारखी जात होती. मला ओरडायचं होतं. ओरडणार कसा? तोंड दाबल्याशिवाय उघडत नाही.

बसड्रायव्हरला मागचं बघायची खोड असते. त्याने मान तिरकी केली, तक्त्याकडे बघितलं, उठला आणि बाईंच्या कानाशी लागला. कुजबुजला, पण मला ऐकू आलं. "बाई, साहेबांच्या सगळ्या खुणा एकाच रांगेत पडतायत. कडेच्या."

बाईंचा चेहरा पांढरा पडला. कडेची रांग म्हणजे काय ते त्यांना माहीत होतं. घड्याळाकडे बघितलं. सोळा मिनिटं झाली होती, आठ खुणा झाल्या होत्या. अजून तीन तशा पडल्या की संपलं. बाईंनी टाळी वाजवली.

"कागद बाजूला ठेवा. आपण मोठ्याने वाचू या."

वर्गाला काही कळेना. मावशीने मान वर केली. "बाई, दीडच पान राहिलंय."

"मावशी, आज ऐका माझं."

"पण शुक्रवारी…"

"मावशी, ऐका ना."

बाईंनी कपाटातून मुलांचं गोष्टींचं पुस्तक काढलं आणि एकेकाला उभं केलं. ड्रायव्हरने कोल्ह्याची गोष्ट घडाघडा वाचली. सिस्टरने हावभावांसकट वाचली. बाई मधे मधे "शाबास, अर्थ काय?" विचारत होत्या, माणसं कोल्हा म्हणजे काय ते सांगत होती. साहेब खूश झाले. खुणा पहिल्या रकान्यात, दुसऱ्यात, पहिल्यात, दुसऱ्यात. मावशीची पाळी आली तेव्हा तिनेही वाचलं. आवाजात काही नव्हतं, पण खूण पडली.

वर्ग टिकला.

तास संपला. तक्त्यावर मुख्याध्यापिकेचा शिक्का लागतो, म्हणून बाई तक्ता घेऊन वरच्या मजल्यावर धावल्या. ड्रायव्हरची गाडी सुटायची होती, सिस्टरची पाळी होती, सगळे पांगले. मी साहेबांच्या मांडीवर रिकामा, आणि समोर मावशी उभी. लाँड्रीची पाळी चारला होती. तिची चुळबुळ चाललेली. मग तिने एकोणीस वर्षांचा रुबाब गिळला.

"साहेब, तुम्हाला इंग्रजी वाचता येत असेल ना?"

साहेब हसले. "येतं थोडंफार."

"मग एवढं दहावं पान बघता? अर्धं मी वाचलंय. काही वेडंवाकडं आहे का, एवढंच सांगा."

तिने ते पान माझ्या पाठीवर ठेवलं. नीट ऐका. माझ्या पाठीवर ठेवलं, मोकळं. चिमट्यात घातलं नाही, चिमट्याला शिवलंही नाही. पंख्याने कोपरा उडत होता म्हणून तिने बोटाने दाबून धरला होता.

साहेबांचा अंगठा मी चौदा वर्षं ओळखतो. वाचताना तो समासावरून खाली सरकतो, आणि खटकणारं काही आलं की थांबतो. त्या पानावर तो सरकत सरकत मधोमध आला आणि थांबला. नुसता थांबला नाही, रुतला. त्यांनी वाचलं. त्यांना कळलं.

मी जिवाच्या आकांताने वाट बघितली. बोला, म्हटलं. बोला साहेब. एक शब्द.

साहेबांनी घड्याळ बघितलं. "असल्या कागदात नेहमीचंच असतं," ते म्हणाले.

"म्हणजे सही करू?"

"ते मी कसं सांगणार? मी निरीक्षक आहे. मला ढवळाढवळ करता येत नाही."

"बरं. पण नेहमीचंच आहे ना?"

"नेहमीचंच असतं."

मावशीने पान उचललं. "लई उपकार झाले साहेब," म्हणाली, आणि पळतच जिना उतरली. त्या वेळी माझा चिमटा साहेबांच्या बोटावर आपटावा म्हणून मी अंगातला सगळा भुसा ताणला. काही झालं नाही. भुसाच तो.

पुढचं मला दोन महिन्यांनी कळलं. बाई साहेबांच्या कचेरीत आल्या. खुर्ची दिली तरी बसल्या नाहीत. त्यांनी सांगितलं ते असं. शुक्रवारी मावशीने सही केली. तिची बघून बत्तीस जणींनी केली. दहाव्या पानावर लिहिलं होतं की सही करणारी बाई त्या तारखेपासून नवी लागलेली समजली जाईल, मागची वर्षं धरली जाणार नाहीत. मग लाँड्रीत मोठी यंत्रं आली, माणसं कमी करायची ठरली, आणि मालकाने सांगितलं, नियमाप्रमाणे आधी नवी माणसं. मावशीची एकोणीस वर्षं आणि बत्तीस जणींची मिळून किती, कोण जाणे. सगळ्या घरी.

"मावशी म्हणते, तुम्ही ते पान वाचलं होतं," बाई म्हणाल्या.

साहेबांनी टेबलावरून मला उचललं. त्यांचा अंगठा घामेजला होता. आणि चौदा वर्षांत केलं नव्हतं ते त्यांनी केलं. माझ्यावर ढकललं.

"बाई, ते पान या चिमट्याखाली होतं. वरच्या चार ओळी दडल्या होत्या. हा चिमटा बघा केवढा रुंद आहे. मला दिसणार काय?"

बाईंनी माझ्याकडे बघितलं. तसं मला कोणी कधी बघितलं नव्हतं. चोराकडे बघतात तसं.

"सोडवून बघायचं होतं," त्या म्हणाल्या.

"घाई होती."

"घाई मलाही होती साहेब. वाचन मीच बंद पाडलं." मग हळू म्हणाल्या, "वर्ग टिकला. पण आता तिथं सगळे नुसते मोठ्याने म्हणतात. तुमच्या शेऱ्यात तसंच करा म्हणून आलंय. ड्रायव्हर यायचा थांबला. म्हणाला, बाई, कोल्ह्याची गोष्ट वाचून माझी नोटीस थोडीच कळणार."

साहेबांनी मला बाईंच्या हातात दिलं. "हा घेऊन जा. वर्गाला उपयोगी पडेल. मी नवा घेतोय." चौदा वर्षांचा निरोप एवढाच. बाईंनी मला आणलं आणि या कपाटावर टाकलं.

त्यानंतर एका बुधवारी, तासाला अवकाश असताना, मावशी आली. अंगाने अर्धी झालेली.

बाई उठल्या. "मावशी, बसा. मी तुमची माफी… मी त्या दिवशी…" आणि त्या रडल्या.

मावशीने त्यांना रडू दिलं. मग म्हणाली, "दीड पान राहिलंय. ते संपवायला आले."

"आता काय उपयोग?"

"उपयोग कुठाय. राहिलंय म्हणून."

पंख्याने पानं उडायला लागली, तेव्हा बाईंनी मला खाली काढलं आणि देताना थबकल्या. "हा साहेबांचाच. म्हणे याच्या चिमट्याखाली त्या ओळी दडल्या."

मावशीने दहावं पान माझ्या चिमट्यात घातलं, अगदी वरपर्यंत सरकवून. वाचायला लागली. पेन्सिल एकेक गोल काढत खाली आली आणि मधोमध थांबली. साहेबांचा अंगठा रुतला होता त्याच जागी. मावशी ती ओळ तीनदा वाचून गेली. मग तिने माझं तोंड दाबून उघडलं, कागद बाहेर ओढला आणि चिमट्याखालची जागा बघितली. तिथं लाँड्रीचं नाव होतं आणि कोरी जागा.

"बाई, इथं काही नाहीये. ते तर मधोमध आहे."

बाईंनी वाकून ती ओळ बघितली.

मावशीने शेवटचं, अकरावं पान उलटलं. त्यावर मजकूर नव्हताच. नाव, तारीख, सही, तीन ओळी. "हे पान मला येत होतं," मावशी म्हणाली, आणि पहिल्यांदा तिचा आवाज फाटला.

जाताना अकराही पानं तिने माझ्या चिमट्यात ठेवली. "असू देत इथं. घरी ठेवली तर बायका येऊन विचारतात, दाखव कुठं लिहिलंय, आणि मी दाखवते. रोज किती वेळा दाखवू?"

तेव्हापासून मी इथं, तोंडात अकरा पानं धरून. खाली कोल्ह्याची गोष्ट चालू असते. सिस्टर अजून येते, कधी कधी वर माझ्याकडे बघते. बाई बघत नाहीत.

माझं एवढंच मागणं. तुमच्यापुढे कोणी कागद धरून विचारलं, की बघा हो काही वेडंवाकडं आहे का, तर तुमचा अंगठा जिथं थांबेल ती जागा त्याला दाखवा. तुमच्या तक्त्यावर तसा रकाना नसला तरी.

मावशीची माफी बाईंनी मागितली. मावशी माफी मागत बत्तीस दारं फिरली, चार दारं उघडलीच नाहीत. मावशीची माफी आणखी कोणी मागायची तो मागेल न मागेल, त्याच्या मनाला विचारा. मी माझ्यापुरतं बोलतो. मी काही दडवलं नव्हतं. हे कचेरीत, चार माणसांसमोर, मला हातात धरून ज्याने म्हणायला हवं, तो माणूस अजून वेळेवर उठतो, वेळेवर जेवतो, नवा पुठ्ठा काखेत मारून वर्गावर्गांतून फिरतो. निरीक्षक साहेब.